चक्कीच्या घरघरीआड

फाल्गुन लागला की खाडीच्या काठाने पांढरे डोंगर उगवायला लागतात. कल्याणच्या बंदरातून पडाव सुटला की दोन्ही हातांना खारजमिनी लागतात आणि त्यांच्यात मिठाच्या राशी उभ्या असतात. दुपारच्या उन्हात त्यांच्याकडे बघवत नाही. एका वर्षी आमच्या मिठागरावरची रास एवढी चढली की पुनवेचा चंद्र तिच्यामागे अडकून बसला. फावडी घेऊन दोन गडी वर चढवले, त्यांनी खालून रेटा दिला, तेव्हा कुठे तो सुटून पारसिकच्या डोंगराकडे गेला. हे मी स्वतः पाहिलेलं आहे. बरोबर पाहणारे दोघेही आता हयात नाहीत, तेव्हा साक्ष कोणी मागू नये.

माझी खोली बंदराच्या अगदी वर आहे. खाली गोण्या उतरवणाऱ्यांचा गलका चाललेला असतो आणि मी खिडकीत पुस्तक उघडून बसलेला असतो. येणारे-जाणारे मान वर करून म्हणतात, "मेहताजींची आता मजा आहे बुवा!" मी हात हलवतो. मजा आहेच. इतकी मजा आहे की कधीकधी दोन-दोन दिवस कोणाशी बोलायला सवड होत नाही.

पण या दिवसांत वारा खाडीकडून वळतो. चिखल तापल्याचा आणि पाणी आटत आल्याचा एक वास त्याच्याबरोबर येतो. आमच्याकडे मीठ 'पिकतं' म्हणतात. भात पिकल्यावर जसा शिवाराला वास सुटतो तसाच मीठ पिकल्यावरही सुटतो. ज्यांना येत नाही त्यांनी आयुष्यभर आयतं मीठ खाल्लं म्हणायचं. तो वास आला की पुस्तकातली ओळ पुढे सरकत नाही. आगरावर हिशेब लिहिणारा मेहता म्हणून माझी हयात गेली, किती हंगाम पाहिले त्याची गणती नाही. त्यातला एकच हंगाम मी मिठाशिवाय काढला, आणि आठवतो म्हणाल तर नेमका तोच.

त्या वर्षी माझा मुक्काम ठाण्याला होता. जागा ऐसपैस होती. चारी बाजूंनी किल्ल्याचा तट, दारावर बंदूकवाले पहारेकरी, सकाळी उठवायला माणूस, रात्री कुलूप लावायला माणूस. एवढा बंदोबस्त एखाद्या संस्थानिकाच्या वाट्याला आला नसेल. साधी माणसं त्याला तुरुंग म्हणत.

मी आत का गेलो, हे निरनिराळ्या लोकांना मी निरनिराळं सांगितलेलं आहे. बंदरावरच्या हमालांना सांगितलं, की सरकारच्या मिठाचा भरला पडाव मी खाडीत विरघळवला आणि तेवढाच पुन्हा वाळवून दाखवला, म्हणून सरकार घाबरलं. खरं कारण याहून फार लहान आहे. लहान गोष्टी सांगायची मला सवय नाही.

तटापलीकडे खाडी होती. ती दिसत नसे, पण असे. भरतीला तिचा आवाज बदले, ओहोटीला चिखलाचा वास भिंत चढून आत येई. वारा पडला की ओठांवर खारट कण बसत. मी जीभ फिरवून मनाशी म्हणे, आज वाफ्यांत मीठ धरलं. आता फळ्या घेऊन गडी उतरले असतील, मीठ ओढायला लागले असतील. भेटीच्या दिवशी नावं पुकारली जात, तेव्हा मी मुद्दाम चक्कीच्या दगडाला टाकी मारत बसे. कामात असलेल्या माणसाचं नाव पुकारलं गेलं नाही तरी ते कोणाच्या लक्षात येत नाही. बायको जाऊन वर्षं लोटली होती. भाऊ होता कल्याणात, पण त्याच्या दारात माझं नाव काढायचीही बंदी झाली होती.

आणि या सगळ्यावर नियम असा की बोलायचं नाही. कामावर नाही, पंगतीत नाही, बराकीत तर नाहीच. मला असं सांगणं म्हणजे माशाला पोहू नकोस म्हणून बजावणं. पहिल्या आठवड्यात न बोललेले शब्द माझ्या पोटात एवढे साचले की वैद्याने दोनदा पोट दाबून पाहिलं आणि दोन्ही वेळा आतून 'अहो' असा आवाज आला.

वाचवलं ते चक्कीखान्याने. ओळीने मांडलेल्या दगडी चक्क्या, एकेका चक्कीवर समोरासमोर दोघं, एकाच खुंट्यावर चार हात. सगळ्या चक्क्या एकदम फिरायला लागल्या की अशी घरघर उठे की तिच्याआड माणूस पोवाडा गायला असता तरी शिपायाला ऐकू गेलं नसतं. तिथे माझ्यासमोर कान्हू आला.

कान्हू खाडीकाठच्या दिवा गावाकडचा. पिढीजात आगरी, मिठात उभं राहून तळव्यांना भेगा पडलेला, चाळिशी उलटलेला गडी. मिठाच्या नाक्यावरचा एक शिपाई चिखलात पडला, त्यात हा आत आला. त्याचं म्हणणं, "मी नाय ढकलला त्याला. तो घसरला. मी हात दिला, तो जरा उलटे बाजूशी दिला."

मी त्याला वाघ सांगितला. माझ्याकडे गोष्टी पुष्कळ होत्या, पण पहिल्या दिवशी वाघच निघाला. पारसिकच्या डोंगरात एक वाघ होता. त्याला शिकार अळणी लागे, म्हणून चांदणं पडलं की तो आमच्या आगरावर मीठ चाटायला येई. चाटता चाटता त्याच्या मिशांवर मीठ धरलं. मिशा काचेसारख्या कडक झाल्या आणि चालताना किणकिण वाजायला लागल्या. तो आवाज ऐकून हरणं पळत, भेकरं पळत, रानात कोणी म्हणून त्याच्याजवळ थांबेना. शेवटी एका रात्री तो माझ्या खोपटाच्या दारात येऊन बसला आणि त्याने मान पुढे केली. मी गोड्या पाण्याचा हंडा आणून त्याच्या मिशा धुतल्या.

"मंग?" कान्हूचे हात खुंट्यावर थांबले होते.

"फिरव, फिरव, शिपाई बघतोय. मग काय? वाघ रडला. इतक्या दिवसांत कोणी जवळ बसलं नव्हतं ना. पण डोळ्यांतलं पाणी खारटच. मिशांवर ओघळलं, वाळलं, पुन्हा मीठ."

कान्हूने चक्कीला पाच-सात फेरे दिले. मग म्हणाला, "खोटा बोलताव, मेहताजी. पन उद्या आनि सांगा."

बाहेर माणसं कान देतात ती अर्धी; एक कान तुमच्याकडे, दुसरा बाजारभावाकडे. त्या चक्कीवर मला आख्खा माणूस ऐकायला मिळाला होता. मी रोज सांगत गेलो. शेजारच्या चक्कीवरचे दोघंही मान तिरकी करून ऐकू लागले. त्या काळात आमच्या कोपऱ्यात पीठ सगळ्यांत जाड पडे.

संक्रांतीच्या सुमारास तुरुंगात कपाट आलं. नवे साहेब वाचणारे होते. कैद्याला पुस्तक दिलं तर तो सुधारतो, असं त्यांच्या मनाने घेतलं. ठाण्यातल्या भल्या लोकांनी घरात नको झालेली पुस्तकं पाठवली. कोणाचं पुढचं पान नाही, कोणाचं मागचं नाही, एकाचं दोन्ही नाही. शाळेत मुलांना देतात ती मोठ्या अक्षरांची बुकं होती, गेल्या सालांची पंचांगं होती, घोड्यांच्या दुखण्यांवर एक जाडजूड ग्रंथ होता, सदाचाराच्या गोष्टी होत्या आणि बाळंतिणीची निगा कशी राखावी यावर एक सचित्र पुस्तक होतं. त्या कपाटापाशी एकही बाई नव्हती. मुरबाडकडच्या एका दरोडेखोराला ते बाळंतपणाचं पुस्तक इतकं आवडलं की त्याने तीनदा संपवलं. पुढे म्हणे त्या बाजूला सुईणी अडल्या की त्याच्याकडे माणूस पाठवीत. हे मात्र ऐकीव. याची शपथ घेत नाही.

सदाचाराच्या गोष्टी वाचून कोण सुधारलं ते मला ठाऊक नाही. पण घोड्यांच्या ग्रंथाने एक टांगेवाला सुधारला, हे मी पाहिलं. स्वतःचा घोडा कशाने मेला ते त्याला त्या पुस्तकात सापडलं, आणि तो दुपारभर भिंतीकडे तोंड करून बसला. साहेबांच्या ध्यानात आलं नसेल, पण मोठ्या माणसाला पुस्तक तिथूनच लागतं. मुलाला अक्षर शिकवतात कारण त्याला अजून काही माहीत नसतं. मोठा माणूस अक्षराकडे जातो तो आधीच एक प्रश्न घेऊन जातो. तो प्रश्न त्याला रात्री झोपू देत नसतो, आणि माणसांना विचारायची त्याला लाज वाटते. पुस्तकाला विचारायला लाज वाटत नाही. तुम्ही अडखळलात तर ते हसत नाही, आणि थांबलात तर उठून जात नाही.

कान्हूचा प्रश्न त्याने मला चक्कीवरच सांगितला.

"मेहताजी, मना वाचाला शिकवा."

"कशाला? या वयात मामलेदार होणारेस?"

"आमचे देवलान पोथी हाय. भटजी कल्यानशी यचे, श्रावनान वाचाचे. खार तुडवून यचा कंटाला आला, आता यत नायत. पोथी तशीच हाय, लाल कपड्यान." त्याने मूठभर दाणे चक्कीत टाकले. "मी सुटून गेलो का मना गाववाले पायरीचे खाली बसवतीन, चपलांचे जागी. तुरुंगान जाऊन आयलेला मानूस. मना बसवूंद्या. पन माजे आयेला बी कोन बोलवीत नाय. आय माजी धवलारीन हाय."

धवलारीण म्हणजे त्यांच्या लग्नांत विधीची गाणी म्हणणारी बाई. तिने धवले म्हटल्याशिवाय हळद लागत नाही. दहा गावांत कान्हूच्या आईचा आवाज पहिला. मुलगा आत गेल्यापासून तिला एकाही मांडवात बोलावणं नव्हतं. गावात लग्नं शेजारच्या गावची बाई आणून लागत होती आणि म्हातारी घरात गप्प बसून ते ढोल ऐकत होती.

"पन पोथी वाचनारा पाटावर बसतो," कान्हू म्हणाला. "समईपाशी. त्याला कोन खाली बसवील? आनि ज्याचा पोर पाटावर, त्याचे आयेला कोन घरान बसवील?"

आता माणूस असं बोलल्यावर मी काय करणार? शिकवायला घेतलं.

पाटी नव्हती, पेन्सिल नव्हती. चक्कीच्या कडेला पीठ सांडत असे, त्यात बोटाने अक्षर काढायचं आणि शिपाई वळायच्या आत पुसायचं. कान्हूचं बोट फावड्याच्या दांड्याएवढं. त्याचा 'क' काढायला अर्धा शेर पीठ लागे. पुसलेलं पीठ गोळा होऊन भटारखान्यात जाई आणि संध्याकाळी भाकरी होऊन परत येई. त्या हंगामात सगळ्या तुरुंगाने कान्हूची बाराखडी खाल्ली. एकाला 'ङ' पचला नाही, तो दोन दिवस आजारी होता.

रविवारी दुपारी कपाट उघडत. पडवीत बसायचं, हवं ते बुक घ्यायचं. कान्हूने मुलांचं बुक उघडलं आणि ठणठणीत आवाजात पहिला शब्द फोडला. जेलर धावत आला. नियम नियमच. "वाचायचं तर मनात वाचा. आवाज आला की कपाट बंद."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मनात वाचायचं म्हणजे काय? आमच्याकडे वाचन म्हणजे आवाज. घरात कोणी वाचत असेल तर ते गल्लीच्या तोंडाशी कळतं. मनात वाचा म्हणजे मनात पोहा, मनात जेवा. पण कपाट बंद होईल ही भीती. पहिल्या रविवारी तिथे नुसते ओठ हलत होते, मठातल्या जपासारखे. पुढे ओठांचंही हलणं कमी होत गेलं. मोठ्याने वाचायचं ते चक्कीवर, घरघरीआड. मी ओळ सांगायची, कान्हूने मागून म्हणायची. तिथे त्याचा आवाज मोकळा सुटे. आईचा गळा त्याच्यात उतरला होता.

पण एक गोष्ट माझ्या ध्यानात उशिरा आली. एके दिवशी मी चक्कीवर नवी गोष्ट काढली. मासा होता, खाडीएवढा. त्याची शेपटी मुंब्र्याला आणि तोंड भिवंडीला. चांगली रंगत आली होती. वर पाहिलं तर कान्हू ऐकत नव्हता. त्याचे डोळे दगडावर होते आणि तो पुटपुटत होता, रविवारची ओळ.

"काय रे, मासा आवडला नाही?"

"आवरला ना." मग ओशाळून हसला. "पन मेहताजी, त्या बुकान एक कोल्हा हाय. त्याचा काय झाला ते पान फाटलंय. माजे डोक्यान तोच फिरतंय."

"मी सांगतो त्याचं पुढे काय झालं."

"नको," कान्हू म्हणाला. "मी बघतंय काय व्हतं ते."

शेजारच्या चक्कीवरचे दोघंही आता शिकत होते. त्यांच्या माना सरळ झाल्या होत्या. मी मासा तसाच सोडून दिला. अजून तो कुठेतरी अर्धा पडून आहे.

आणि मग चैत्रातला तो रविवार. पडवीत उन्हाचा पट्टा आला होता. कान्हू खांबाला टेकून बसला होता. मांडीवर बुक. मी पाहत होतो, कारण माझ्याजवळ दुसरं काम नव्हतं. त्याचे ओठ हलत नव्हते. अजिबात. डोळे ओळीवरून जात होते, वळत होते, परत येत होते, आणि एका जागी त्याच्या तोंडावर हसू आलं. काय वाचून आलं, कोणास ठाऊक. दीडशे माणसांच्या गर्दीत, पहाऱ्यात, त्याने स्वतःला एक खोली बांधून घेतली होती आणि आतून कडी लावली होती.

तुरुंगात एकटं राहता येत नाही; झोपताना कूस बदलली तरी कोणाचा तरी पाय लागतो. आणि एकटं वाटणं तर थांबत नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे मला त्या दिवशी कळलं. कपाटाने कान्हूला एकांत दिला होता. मला एकांताची भीती वाटते. म्हणून तर मी बोलतो.

वैशाखात कान्हू सुटला. जाताना बोलायची सोय नव्हती, फाटकापाशी शिपाई उभा होता. त्याने नुसता हात वर केला आणि हवेत बोटाने एक अक्षर काढलं. 'श्र'. श्रावण. पोथीला या, असं.

चक्कीवर माझ्यासमोर दुसरा माणूस आला. तो बहिरा होता. हेही मी रचून सांगतो आहे असं वाटेल, पण हे मात्र शब्दाशब्दाने खरं आहे.

आषाढात मी सुटलो. घरी गेलो नाही, कारण ते कुठे आहे ते आठवेना. श्रावणातल्या पहिल्या सोमवारी होडी केली आणि दिव्याच्या बाजूला उतरलो. गुडघाभर चिखल तुडवत, दिवेलागणीला कान्हूच्या गावच्या देवळापाशी पोहोचलो. गाव जमलेलं होतं. मी पायरीखाली चपलांच्या जागी बसलो; जागा ओळखीची वाटली.

पाटावर कान्हू. समोर समई. शेजारी गावचे पाटील, पिळदार मिशांचे. त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "हा बोलतो मना वाचाला येतं. बघू. आला तर पाट याचा. नाय आला तर पायरी, मरेपर्यंत. कबूल?"

"कबूल," कान्हू म्हणाला. बायकांच्या मागे, अगदी भिंतीशी, एक वाळकी म्हातारी बसली होती. तिने डोळे मिटून घेतले. ती कोण, ते मला कोणी सांगायला नको होतं.

कान्हूने लाल फडकं सोडलं. पोथीला हात जोडले. पहिलं पान समोर धरलं. सगळं गाव कान टवकारून बसलं, आणि काहीच झालं नाही.

कान्हूचे डोळे ओळीवरून चालले होते. वळत होते, परत येत होते. त्याने पान उलटलं. दुसरं वाचायला घेतलं. समईची वात तेवढी चुरचुरत होती.

"का रं, मुका झालास?" पाटील म्हणाले.

कान्हूने दचकून वर पाहिलं. "वाचतंय की."

"कोनाला?"

गाव हसलं. कान्हूने तोंड उघडलं. आवाज आला नाही. त्याची नजर देवळाच्या दाराकडे गेली, आणि मला कळलं की तो काय बघतोय. तो शिपाई बघत होता. आवाज आला की कपाट बंद. मी त्याला अक्षरं शिकवली, जोडाक्षरं शिकवली, पण उघड्यावर, शांततेत, माणसांसमोर त्याने कधी एक ओळही वाचली नव्हती. शांतता झाली की वाचणाऱ्याने गप्प बसायचं, एवढंच त्याला आम्ही पाठ करून दिलं होतं.

"येतच नाय त्याला," कोणीतरी मागून म्हणालं. "पानां उलटतंय नुसती. बकरी बी उलटील."

पाटलांनी पायरीकडे बोट केलं. कान्हू पोथी बांधायला लागला. म्हातारीचे डोळे अजून मिटलेलेच.

मी उठलो. चिखलाचे पाय, तुरुंगात कातरलेलं डोकं. आणि माझ्या आयुष्यात मी एवढ्या मोठ्याने कधी ओरडलो नसेन. ठाण्याच्या तटावरचे कावळे उडाले असं मागाहून कळलं.

"जातं आणा!"

"हा कोन?" पाटील म्हणाले.

"कोणी का असेना. जातं आणा आणि पायलीभर तांदूळ आणा. वाचतो का नाही ते मग बघा."

"देवलान जातं? येडा का खुला?"

तेवढ्यात ती म्हातारी उठली. ती थेट घराकडे वळली. घर जवळच होतं. दोन बायकांनी हात दिला आणि जातं पायरीशी येऊन पडलं. मी मांडी घालून खुंट्याला हात लावला. पुरुष दळायला बसलेला बघून गावाने जो काही हशा केला, तो मी अजून पुरवून पुरवून वापरतो. समोर म्हातारी बसली, पुन्हा डोळे मिटून. कान्हू जिथे बसायचा तिथे, खुंट्यावर तिचे दोन हात, माझे दोन.

जातं फिरलं. घरघर सुरू झाली.

दोन फेरे गेले, तीन गेले. कान्हूची मान वर आली. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग पोथीकडे. आणि घरघरीच्या खालून, आधी पाण्याखालून बोलावं तसा, मग मोकळा, मग देवळाच्या आढ्याला लागेल असा आवाज चढला. ओवीमागून ओवी. हशा कुठे थांबला ते कळलं नाही. मी दळत होतो. एक शब्द बोललो नाही. त्या संध्याकाळी मी जन्मात पहिल्यांदा दुसऱ्याचं सगळं ऐकून घेतलं. पायली संपत आली, दगडावर दगड घासायला लागला, तसे आम्ही दोघांनी हात हळू केले. आणखी हळू. मग जातं थांबलं.

कान्हू वाचत होता. त्याला जातं थांबल्याचा पत्ता नव्हता. देवळात दुसरा आवाजच नव्हता, आणि त्याचा आवाज तसाच चालला होता.

म्हातारीने डोळे उघडले. पाटील तिच्याकडे न बघता, मिशीवरून हात फिरवत पुटपुटले, "बय, माघान आमचे पोरीचा लगीन हाय. धवले बोलाला यशील ना?" ती जात्यावरचं पीठ पदरात भरून घेत राहिली.

मी तिथून निघालो. कान्हूला भेटलो नाही. गावाच्या डोळ्यांसमोर मी त्याच्या ओळखीचा दिसलो असतो तर त्यांना माझ्यामागे तुरुंग दिसला असता, आणि कान्हू आता पाटावर बसला होता. दर श्रावणात वाटायचं, जावं. मग सांगायचो स्वतःला, यंदा फार कामं आहेत.

गेल्या श्रावणात मात्र गेलो. म्हातारपणी माणसाची कामं संपतात. दिवेलागण उलटून गेली होती, मला ओळखणारं कोणी उरलं नव्हतं. चपलांच्या जागी अंधारात बसलो. पाटावर कान्हू, पांढरा झालेला. कोणत्याशा रानाचं वर्णन चाललं होतं. एक ओवी म्हणायचा, मग तिचा अर्थ सांगायचा. मोर आले, हरणं आली, हत्ती आले. हे सगळं पोथीत असतं. मग तो थांबला, समईची वात सारखी केली, आणि म्हणाला,

"आनि या रानान एक वाघ व्हता. पारसिकचा. त्याला मीठ आवराचा. मिशांवर मीठ धरलेला, चालला का किनकिन वाजाचा, म्हनून कोन त्याचेजवल थांबत नसं."

गाव माना डोलावत होतं. पाटलांचा नातूही डोलावत होता.

"मंग?" एका पोरीने विचारलं.

"मंग एका मानसाने त्याच्या मिशा धुतल्या," कान्हू म्हणाला. त्याने पुढची ओवी धरली.

मी चपला हातात घेतल्या आणि खाडीकडे आलो. भरती लागली होती. होडीवाल्याने कंदील वर करून माझ्या मागे पाहिलं.

"येकलेच का, बाबा?"

"नाही रे," मी म्हटलं. "वाघ आहे बरोबर."

तो हसला नाही. कोपऱ्यात सरकला आणि दोघांची जागा करून दिली.